दोन टीबीची डिस्क टिकटिकते आणि कॉपी मध्येच अडकते. पुढे हात लावू की नको?

रानवाट:

नमस्कार. मी गेली नऊ वर्षं पहाटेचे आवाज रेकॉर्ड करते. मुख्यतः पक्षी, पण पाऊस, बेडूक, रातकिडेही. सगळं एका अडीच इंची, दोन टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर आहे. दुसरी प्रत नाही. निम्म्या फाइल्स आणखी एका जुन्या डिस्कवर होत्या, ती मी गेल्या वर्षी जागा हवी म्हणून पुसली. आता ते आठवलं की पोटात खड्डा पडतो.

परवा रात्री एक फोल्डर उघडायला गेले तर खिडकी पांढरी पडली आणि सगळं हँग. केबल काढून परत लावली. डिस्क दिसली, फोल्डरही दिसले. एक फाइल कॉपीला लावली. सुरुवातीला सेकंदाला ९० एमबी, मग एकदम शून्य, मग काही केबी, मग एरर. काल सकाळी जोडली तर विंडोज विचारतंय, ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? मी नाही म्हटलं आणि काढून ठेवली.

आवाजाबद्दल नेमकं सांगते, कारण तेवढंच मला नीट कळतं. डिस्क फोमवर ठेवून केसिंगला कॉन्टॅक्ट माइक चिकटवला आणि चाळीस सेकंद रेकॉर्ड केलं. खाली ९० हर्ट्झला एक अखंड रेषा आहे, ती कुठेच डगमगत नाही. तिच्यावर मधूनच कोरडी टिक् येते, काचेवर नख मारल्यासारखी. फोल्डर उघडायचा प्रयत्न केला की चार-पाच टिक् लागोपाठ, मग शांतता, मग पुन्हा चार-पाच. नुसती पडून असली की टिक् नाही.

विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवू का? रिकव्हरीचं एखादं सॉफ्टवेअर टाकू? की उघडून बघावी लागते? आधी काय करायचं तेवढं सांगा.

निळीशाई:

माझ्या डिस्कलाही फॉरमॅटचा मेसेज यायचा. चेकडिस्क स्लॅश एफ स्लॅश आर मारलं, रात्रभर चाललं, सकाळी सगळं जागच्या जागी. एकदा करून बघा.

सोल्डरगन:

ताई, चेकडिस्क नको. या डिस्कवर तर कधीच नको.

निळीशाई, तुमचं काम झालं कारण तुमच्या डिस्कचं यंत्र धड होतं, फक्त नोंदींचा गोंधळ होता. लिहिणं चालू असताना केबल निघाली की असं होतं, आणि त्याला चेकडिस्क हेच औषध. इथे डिस्कला वाचताच येत नाहीये. चेकडिस्कचं काम फाइलसिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याच्या नोंदी) सुसंगत करणं, फाइल्स वाचवणं नव्हे. जी नोंद जुळत नाही ती ते छाटतं, सुटे तुकडे एका फोल्डरात टाकतं, आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहून. वर स्लॅश आर म्हणजे प्रत्येक क्लस्टर, म्हणजे डिस्कचा प्रत्येक छोटा तुकडा, वाचून बघणं. दोन टीबीभर, तासन् तास. कमजोर झालेला हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, तेवढ्यात कायमचा जाऊ शकतो.

मी बोर्ड दुरुस्तीचं काम करतो, डिस्क रोज हाताखालून जातात. सुरुवातीच्या काळात एका मित्राची डिस्क अशीच आली होती. फाइल्स दिसत होत्या, हळू का होईना उघडत होत्या. मी म्हटलं आधी स्कॅन मारू, मग कॉपी करू. दुसऱ्या रात्री डिस्क कटकट करायला लागली आणि सकाळी कॉम्प्युटर सुरू होतानाच्या बायोसमध्येही दिसेना. आदल्या दिवशी नुसती कॉपी घेतली असती तर बहुतेक सगळं हाती लागलं असतं. त्याच्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग होतं त्यात. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी प्रत, मग बाकी सगळं. आजारी डिस्कमध्ये वाचण्याची जेवढी ताकद उरली आहे, ती सगळी एकदाच, प्रत घेण्यात खर्च करायची.

तुम्ही आवाज इतका नेमका लिहिला आहे की निम्मं निदान त्यातच झालं. अशी डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे (आरपीएम) घेते. त्याला ६० ने भागा. सेकंदाला ९० फेरे. तुमची ९० हर्ट्झची रेषा म्हणजे मोटर आहे, आणि ती डगमगत नाही म्हणजे मोटर पूर्ण वेगात, स्थिर फिरते आहे. हेड पूर्ण गेले असते तर वीज देताच ठरावीक टिक्-टिक् झाली असती आणि थोड्या वेळाने मोटरच बंद पडली असती, तुमची रेषा खाली घसरून संपली असती. हेड प्लॅटरला, म्हणजे आतल्या फिरत्या चकतीला, चिकटले असते तर बारीक बीप किंवा गुरगुर ऐकू आली असती आणि ९० ची रेषा उगवलीच नसती. तुमच्याकडे टिक् फक्त काही वाचायला सांगितल्यावर येते. म्हणजे बहुधा काही जागा वाचता येत नाहीत आणि हेड मागे जाऊन पुन्हा पुन्हा तिथेच प्रयत्न करतोय. हे वाईट आहे, पण यातून बरंच वाचतं.

उघडण्याबद्दल. बाहेरचं प्लास्टिकचं केसिंग उघडायला हरकत नाही. आतल्या धातूच्या डिस्कचं झाकण मात्र नाही. हेड प्लॅटरवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतो. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. खाली प्लॅटरची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळत असते. साध्या खोलीतल्या हवेतला एक कण मध्ये आला तरी चरा पडतो, तो कण मग सगळीकडे फिरतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तोही ऐकू नका. बाहेर काढल्यावर दव धरतं, आणि ओल्या प्लॅटरवर हेड फिरवणं म्हणजे आहे तेही घालवणं.

आता दोन गोष्टी बघून सांगा. एक, केसिंगच्या आत डिस्कला नेहमीचा साटा कनेक्टर (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडतात तो) आहे की यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच आहे? दोन, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमधले ०५, ०९, सी५, सी६ आणि सी७ या ओळींचे रॉ आकडे. हे आकडे डिस्क स्वतःच्या नोंदीतून देते, त्यासाठी तुमच्या फाइल्सना हात लागत नाही. डिस्क जोडा, आकडे टिपा, लगेच काढा. फोल्डर उघडू नका.

पायवाट:

मला असाच प्रॉब्लेम नुसती केबल बदलून सुटला होता. आधी ते बघा असं सुचवेन.

सोल्डरगन:

बरोबर, म्हणूनच सी७ विचारला. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामध्ये वाटेत डेटा बिघडला की तो वाढतो. सी७ मोठा आणि सी५ शून्य असेल तर केबलवर संशय घ्यायचा.

रानवाट:

केसिंग उघडलं. आत एक छोटा हिरवा बोर्ड आहे, तो साटा कनेक्टरला नुसता खोचलेला होता, अलगद निघाला. आकडे असे: ०५ ला ८. ०९ ला १ए२सी. सी५ ला १३८. सी६ ला ०. सी७ ला ०. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' आहे. १३८ म्हणजे फार नाही ना?

सोल्डरगन:

तो हिरवा बोर्ड टाकू नका. काही केसिंग डेटा कूटबद्ध करून लिहितात आणि त्याची किल्ली त्या बोर्डावर असते. डिस्क थेट साटाला जोडल्यावर पार्टिशन (डिस्कवरचा फाइल्सचा विभाग) दिसलं तर तुमची तशी नाही असं समजा.

आकडे क्रिस्टलडिस्कइन्फो मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे १६ वर आधारलेल्या अंकपद्धतीत, दाखवतं, म्हणून १ए२सी असं विचित्र दिसतंय. ते आहेत डिस्क आजवर चालली ते ६७०० तास. आणि १३८ म्हणजे एकशे अडतीस नव्हे, ३१२. हे पेंडिंग सेक्टर. सेक्टर म्हणजे डिस्कवरची वाचायची-लिहायची सगळ्यात लहान जागा. डिस्कने वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि 'यांचं काय करायचं ते नंतर ठरवू' म्हणून बाजूला लिहून ठेवलेल्या जागा. ३१२ ला ८ ने भाग जातो बघा. आजच्या बहुतेक डिस्कचा खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, पण बाहेर सांगताना ती ५१२ चे आठ सांगते. म्हणजे प्रत्यक्षात ३९ जागा. सी७ शून्य, तेव्हा केबल निर्दोष.

आता एक नीट समजून घ्या, कारण 'हार्ड डिस्क रिपेअर' नावाने बरंच काही विकलं जातं. पेंडिंग सेक्टरवर नवीन काहीतरी लिहिलं की डिस्क ती जागा तपासते, खराब निघाली तर राखीव जागेतला सेक्टर तिच्या जागी लावते, आणि सी५ खाली येतो. डिस्क 'दुरुस्त' झाल्यासारखी दिसते. पण तिथे जे होतं ते गेलं. पूर्ण फॉरमॅट मारून बॅड सेक्टर घालवणारी सॉफ्टवेअर्स हेच करतात. तुम्हाला डिस्क नको आहे, तुम्हाला पहाटेचे आवाज हवे आहेत.

म्हणून प्रत घ्यायची, फाइल-फाइल करून नाही, सेक्टर-सेक्टर करून. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू. फुकट आहे, लिनक्सवर चालतं. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, म्हणजे कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करावं लागणार नाही. शक्य असेल तर डेस्कटॉपच्या साटा पोर्टला डिस्क थेट लावा. यूएसबीमधला चिप वाचन अडलं की स्वतःच कनेक्शन तोडून बसतो आणि मग प्रत्येक वेळी केबल उपटून परत लावावी लागते.

प्रत ठेवायला चार टीबीची नवी डिस्क घ्या. दोनची घेऊ नका, तिच्यावर इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) आणि नंतर काढलेल्या फाइल्स दोन्ही मावणार नाहीत. तिचं फॉरमॅट एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ ठेवा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

डीडीरेस्क्यूला तीन नावं द्यावी लागतात, याच क्रमाने: कुठून, कुठे, आणि मॅपफाइल. पहिल्या दोन नावांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क तुमच्या आवाजांवर लिहिली जाईल. त्यामुळे एंटर दाबण्याआधी सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघा, आकारही बघा. दोन टीबीच्या डिस्कला साधारणपणे ३,९०,७०,२९,१६८ सेक्टर दिसतात. आकार शून्य किंवा भलताच दिसला तर तिथेच थांबा, तो फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमचा, मामला आहे आणि घरी सुटणारा नाही. लिनक्सचं डिस्क आपोआप माउंट करणं, म्हणजे तिच्यावरच्या फाइल्स वापरायला उघडणं, हेही आधी बंद करा.

मॅपफाइल म्हणजे या सगळ्याचा प्राण. कोणती जागा वाचून झाली, कोणती सोडली, कोणती खराब, याची वही. तिच्यामुळे मध्येच थांबवता येतं आणि उद्या तिथूनच पुढे जाता येतं. ती पेनड्राइव्हवर ठेवलीत तर लाइव्ह सिस्टिम बंद केल्यावर उडू शकते. ती नव्या डिस्कवर ठेवा.

पहिली फेरी स्क्रेपिंग बंद ठेवून, म्हणजे लहान n चा पर्याय देऊन. या फेरीत ते अडलेल्या जागी झटत बसत नाही. सोपं ते उचलतं आणि पुढे उडी मारतं. खराब जागांवर वेळ घालवायचा तो सगळं सोपं हाती आल्यावर. ती संपली की n काढा, डायरेक्ट वाचनाचा पर्याय द्या आणि तीन वेळा पुन्हा प्रयत्न करायला सांगा. त्यानंतरही उरलं तर उलट दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे. एका बाजूने न मिळालेली जागा दुसऱ्या बाजूने कधी कधी मिळते.

डिस्कवर पंख्याची हवा ठेवा. तापमान ५० च्या वर गेलं तर थांबवून गार होऊ द्या. कान तुमचे आहेतच: वीज देताक्षणीच ठोके सुरू झाले किंवा ९० ची रेषा तुटली, तर पुढचा एकही प्रयत्न करू नका. मग क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबचं काम, आणि तोवर डिस्क जितकी कमी चालली असेल तितकं बरं.

तारायंत्र:

मध्येच विचारतो, माफ करा. माझी ३.५ इंची एक्स्टर्नल डिस्क, १२ व्होल्टवाली. चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अॅडॅप्टर लागला. आता आवाजच नाही, पूर्ण डेड. त्याच मॉडेलचा बोर्ड मागवून बदलू का?

सोल्डरगन:

नुसता बोर्ड बदलून चालत नाही. प्रत्येक डिस्कच्या हेडची स्वतःची जुळणी कारखान्यात करून तिचे आकडे त्याच डिस्कच्या बोर्डावर, बहुतेक वेळा आठ पायांच्या एका छोट्या रॉम चिपमध्ये, लिहिलेले असतात. बोर्ड बदलला तर तो रॉमही हलवावा लागतो.

पण त्याआधी केसिंगबाहेर काढून दुसऱ्या चांगल्या सप्लायवर बघा, कदाचित फक्त केसिंगचा बोर्ड गेला असेल. तरीही डेड असेल तर वीज काढून मल्टिमीटर लावा. पॉवर कनेक्टरपाशी दोन टीव्हीएस डायोड असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर, एक १२ च्या. व्होल्टेज जास्त आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन बाकी बोर्ड वाचवतात. १२ वाल्यावर जवळजवळ शून्य ओहम दाखवत असेल तर त्याने आपलं काम केलं. तो काढला की डिस्क बऱ्याचदा फिरते. फक्त त्यानंतर तिला संरक्षण नसतं, तेव्हा योग्य सप्लायवर प्रत घ्यायची आणि डिस्क निवृत्त करायची. सोल्डरिंगचा हात नसेल तर कोणाकडून तरी करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

रानवाट:

पाच दिवसांनी लिहिते आहे.

डिस्क थेट साटाला लावली, सेक्टर तुम्ही लिहिले तितकेच दिसले आणि पार्टिशनही दिसलं. सिरियल नंबर मी मोठ्याने वाचला, नवऱ्याने लेबलवरून ताडला, तीन वेळा. मग एंटर.

पहिली फेरी नऊ तास चालली. बहुतेक वेळ सुरळीत, सेकंदाला ८०-९० एमबी. मग एका पट्ट्यात शिरली की आकडा शून्यावर आणि टिक् सुरू. मी शेजारी बसून ऐकत होते. तुम्ही म्हणालात तसंच झालं, ते तिथे झटत बसलं नाही, उडी मारून पुढे गेलं आणि आवाज परत सपाट झाला. ती शांतता ऐकून किती बरं वाटलं ते लिहिता येणार नाही. दुसरी फेरी मात्र बावीस तास. दोनदा तापमान ५१ झालं म्हणून थांबवली, तासभर गार केली, आणि मॅपफाइलमुळे खरंच तिथूनच पुढे सुरू झाली.

शेवटी उरलं २,४१,६६४ बाइट. ४०९६ ने भागलं तर ५९ सेक्टर. सी५ आता १डी८ दाखवतो, मी स्वतः करून बघितलं, ४७२, आणि त्याला आठने भागलं की ५९ च येतात. इमेज वाचता येते, फोल्डर आणि फाइल्सची नावं सगळी शाबूत. फाइलच्या नावातच माझी तारीख, वेळ आणि झाडाचा नंबर असतो, त्यामुळे याचीच सगळ्यात जास्त धास्ती होती.

आता प्रश्न: त्या ५९ जागा नेमक्या कोणत्या फाइल्समध्ये आहेत हे कसं कळेल? साडेअकरा हजार फाइल्स ऐकून बघणं शक्य नाही. आणि जुनी डिस्क फॉरमॅट करून तात्पुरत्या कामाला वापरू का?

सोल्डरगन:

फार चांगलं झालं ताई. दोन टीबीतून पाव एमबीसुद्धा गेला नाही.

जुनी डिस्क वापरू नका. सी५ पाच दिवसांत ३१२ वरून ४७२ झाला, म्हणजे बिघाड पसरतो आहे. तरी फेकू नका. नव्या डिस्कवरचं सगळं आणखी एका ठिकाणी उतरेपर्यंत ती वीज न देता कपाटात ठेवा.

फाइल्स शोधायला डीडीरेस्क्यूचाच फिल मोड आहे. आधी फाइल्स वेगळ्या काढून ठेवा. मग इमेजमध्ये, मॅपफाइलनुसार जिथे जिथे खराब आहे तिथे एखादा निराळाच शब्द भरायला सांगा, जो तुमच्या कुठल्याच फाइलमध्ये येणार नाही. इमेज फक्त वाचण्यापुरती माउंट करा आणि सगळ्या फाइल्समध्ये तो शब्द शोधा. ज्यात सापडेल त्या जखमी. आधी काढलेल्या फाइल्समध्ये तो शब्द नसेल, न वाचलेल्या जागी नुसती शून्यं असतील. तुमच्या कामाला तेच बरं, कारण आवाजाच्या फाइलमध्ये शून्य म्हणजे शांतता.

रानवाट:

शोधलं. अकरा फाइल्स निघाल्या. काही सेक्टर कुठल्याच फाइलमध्ये नव्हते, रिकाम्या जागेत होते.

अकराही ऐकल्या. माझं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. त्या हिशेबाने एक सेक्टर म्हणजे १४ मिलिसेकंद. एका फाइलमध्ये रातवा आहे, दगडावर गोटी टाकल्यासारखा त्याचा टक्-टक्-टक्-टक्, शेवटी जलद होत जाणारा. तिसऱ्या आणि चौथ्या टक् च्या मध्ये वेव्हफॉर्म एकदम सपाट होतो, रेघ ओढल्यासारखा, आणि परत सुरू होतो. कानाला कडेला बारीकशी कट् लागते, तीही आधी माहीत असेल तर. टक् एकही गेलेला नाही.

दहा फाइल्सच्या कडा दोन-दोन मिलिसेकंद फेड करून घेतल्या. रातव्याची तशीच ठेवली आहे, नावापुढे फक्त खराब जागेची वेळ आणि '१४ मिसे रिक्त' एवढं जोडलं. दुसरी नवी डिस्क आली आहे, तिच्यावर कॉपी आत्ता चालू आहे. ६१ टक्के.